दोन चकऱ्या, एक सुई

आमचे लोक दक्खनेतून फौजेबरोबर आले ना, तेव्हापासून शिंदे की छावनी, या मोहल्ल्यातच आहोत, पण तलवार कुणी पाहिली, आम्ही तर भांड्यांवर नावं घालणारे, सराफ्यातून चांदीच्या वाट्या, पेले येतात, त्यावर मशीनच्या सुईनं नाव कोरायचं. मशीनची चकरी उजव्या हाताला, ती फिरवाल तशी सुई सरकते. सारी उमर आमच्या यांनीच फिरवली. मग यांचा हात थरथरायला लागला, डॉक्टर म्हणाले हे आता असंच राहणार, आणि घर तर त्याच हातावर चालायचं.

काय सांगू तुम्हाला ताई, हे म्हणाले डावीकडे तुझ्यासाठी दुसरी चकरी लावून देतो, मी थकलो की तू फिरव. चकरीतून दोन सिग्नल निघतात, कोणता आधी येतो त्यावरून सुईला दिशा कळते. आता चकऱ्या दोन आणि मशीनमध्ये जागा एकीचीच. तर यांनी एक्सॉर गेटची छोटी आयसी, दोन सिग्नलांचा एक करणारी चिप, आणली, दोघींचे पहिले सिग्नल एका गेटात, दुसरे दुसऱ्यात, बस. चकरी फिरताना खट्‌ करून थांबते ना, त्या खटक्यावर एक चकरी नीट बसून राहिली की दुसरीचं जसंच्या तसं पुढे जातं. चाललं पण.

मग मधेच माझी सुई उलटी पळायला लागली. मी उजवीकडे फिरवून राहिले आणि ती डावीकडे. एका बाळाच्या वाटीवर नावातूनच रेघ गेली. हे आयसी बदलून राहिले, तारा बदलून राहिले, आणि चिडणं माझ्यावर, तुला फिरवताच येत नाही म्हणे. मला दिसत होतं ना, यांचा हात आपल्या चकरीवर, थरथरतोय, चकरी खटक्यावर बसतच नाही, मधेच अडकते, तिचा एक सिग्नल चालू राहतो आणि माझी दिशा उलटी करतो. दिसत होतं, पण म्हणू कशी? ऐकून घेतलं, रोज ऐकून घेतलं. फार थकले मी, ताई.

एक दिवस यांनीच आपल्या चकरीवरून हात उचलला, म्हणाले फिरव. सुई सरळ गेली. हात ठेवला, म्हणाले फिरव. उलटी. शेवटी मलाच यांच्या चकरीच्या दोन्ही तारा कापायला लावल्या, गेटाची ती टोकं ग्राउंडला जोडून घेतली, म्हणजे ती बाजू गप्प, आता तुझंच चालेल म्हणाले. मी विचारलं, चकरी काढून टाकू का? म्हणाले, राहू दे.

आता मी फिरवते आणि हे शेजारी बसून आपली रिकामी चकरी फिरवतात, हळू, हळू म्हणतात, मी पण यांच्याकडे बघून हळू घेते. काल एका पेल्यावर नाव सुंदर आलं तर म्हणाले, बघ, आज माझा हात नाही हलला. मी म्हटलं, हो, बिलकुल नाही हलला. बस, असेच शेजारी बसून राहोत, मला दुसरं काय पाहिजे.