मोठा पंप

मेहुणा : दारात का उभे, दाजी? मागच्या वेळी तुमच्या गॅरेजमधून तुम्ही मला घालवलंत, म्हणून मीही घालवीन असं वाटलं?

मिस्त्री : घालव. तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं. आधी हा गिअर बघ.

मेहुणा : प्रोफेसरांच्या जुन्या गाडीतला? परत दात गेले? मग दुसरा टर्नर शोधा. गिऱ्हाइकांसमोर तुम्हीच म्हणालात ना, "यानं भंगारातलं ब्राँझ वापरलं"?

मिस्त्री : हा तू केलेला नाही. बाहेरून मागवलाय. याचीही तीच गत.

मेहुणा : (गिअर उजेडात फिरवत) हं... एकाच बाजूनं खाल्ला गेलाय. ओझं पडलंय याच्यावर. याच्या खाली ऑइल पंप कुठला लावलाय?

मिस्त्री : मोठा.

मेहुणा : म्हणजे केवढा?

मिस्त्री : शर्यतीच्या गाडीचा. म्हटलं, म्हातारं इंजिन आहे, तेल भरपूर मिळालं तर अजून चार वर्षं जगेल. लाडानं केलं रे.

मेहुणा : अहो, पण तो पंप फिरवतो कोण? हाच गिअर! याला फिरवणारा कॅमशाफ्ट पोलादाचा, म्हणून हा मऊ ब्राँझचा ठेवायचा. झिजायचं तर यानं झिजावं, कॅम वाचावा. त्याच्या गळ्यात एवढं धूड बांधलंत, वर तुमचं ते डांबरासारखं तेल! मी विचारलं होतं, "पंप मूळचाच आहे ना?" तुम्ही म्हणालात, "तू तुझा लेथ सांभाळ."

मिस्त्री : म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. काल पंप उतरवला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तुझी बहीण पान वाढते, पण माझ्याशी अवाक्षर बोलत नाही.

मेहुणा : ताईनं मला काही सांगितलं नाही.

मिस्त्री : कशी सांगेल? हे बघ, मूळचा पंप परत बसवतो. गिअर तूच कर. ज्यांच्यासमोर बोललो त्या एकेकाला गाठून सांगतो, की गाढव मी होतो.

मेहुणा : दाजी, लोकांचं काही नाही हो. मीच खरं मानलं. हे काम मला शिकवलं कुणी? तुम्हीच. तुम्ही म्हणताय म्हणजे चुकलंच असणार. डोळे तपासून आलो. मापं पुन्हा पुन्हा घेतली. चूक सापडेना, तेव्हा वाटलं, आता आपल्याला चूकसुद्धा दिसेनाशी झाली.

मिस्त्री : अरे देवा... आणि लेथवर हे फडकं कशाला टाकलंयस?

मेहुणा : विकला. संध्याकाळी टेम्पो येतोय.

मिस्त्री : परत पाठव त्याला! थांब, मीच बोलतो.

मेहुणा : नको. शब्द दिलाय. त्या माणसाचा पहिलाच लेथ आहे, जागा झाडून वाट बघत बसलाय.

मिस्त्री : मग मी काय करू? सांग की. काहीतरी करायला सांग मला.

मेहुणा : तो पाना घ्या. लेथच्या पायाचे बोल्ट सुटत नाहीयेत. मी दुकान टाकलं तेव्हा तुम्हीच आवळले होते.