नऊ मार्कांचा गेम आणि सोपानभाऊ

इथं घाटावर सकाळपासून बसलेल्या आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, लांबून आलेल्या पाहुण्यांनो,

माझ्याआधी पुष्कळ जण बोलले. भाऊंचे गुरुजी बोलले, गॅरेजमधले सोबती बोलले. सगळ्यांची ओळख लहानपणापासूनची. माझी फक्त चार वर्षांची. म्हणून हा माईक जड वाटतोय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी नितीन. पुण्यात असतो. व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो. म्हणजे नवा गेम आला की खेळायचा, कसा आहे ते लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. तुम्ही म्हणाल, दहाव्याला हा काय विषय? पण मंडळी, सोपानभाऊंची आणि माझी ओळख याच विषयावरून झाली. आणि भांडणातून झाली.

आळेफाट्याला ट्रकचं वायरिंग करणारे सोपानभाऊ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात गेल्यावर एका हातानं काम करणारे भाऊही पाहिलेत. पण रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर गेम खेळणारे भाऊ घरच्यांशिवाय कुणी पाहिले नसतील. गेमची बटणं असतात तो कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा असतो. भाऊंनी तो जुन्या ट्यूबच्या रबरानं फळीवर आवळून बसवला होता. गेममधली बटणं बदलून घेता आली, तर डाव्या हाताचं काम ते उजव्यानं करायचे. नाही आली, तर तो गेम त्यांच्यासाठी बंद.

मी डोंगर चढण्याच्या एका गेमला नऊ मार्क दिले होते. फार कौतुक केलं होतं. खाली एका वाचकाचं, म्हणजे भाऊंचं, मत आलं. ऋतुजा, म्हणजे भाऊंची मुलगी, ते बोलतील तसं टाइप करायची. लिहिलं होतं, "साहेब, गेम चांगलाच असंल. पन दोन्हीकडची बटणं एकदम दाबून न्हाई धरली तर दोर सुटतोय, आन ती बटणं बदलता येत न्हाईत. मला एकच हात हाय. माझा माणूस रोज पडतो. हे तुमी लिवलं का न्हाई?"

मी उत्तर दिलं, "परीक्षण सर्वसाधारण खेळाडूसाठी असतं."

भाऊंनी विचारलं, "हा सर्वसाधारण खेळाडू राहतो कुठं? एकदा भेट घालून द्या."

मंडळी, आधी मला हसू आलं. मग लाज वाटली. पुढच्याच रविवारी मी पारगावला त्यांच्या घरी आलो. भाऊंनी खुर्ची पुढं सरकवली. म्हणाले, "डावा हात मागं धरा आन चढा." मी चढलो. पडलो. पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. मंगलवहिनी दारातून म्हणाल्या, "पावणं, च्या गार झाला, किती पडताय?" मी हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आता किती मार्क?"



पुण्याला जाऊन मी लेख लिहिला. आणि तिथंच चुकलो. भाऊंची जिद्द, भाऊंचा संघर्ष, वर त्यांचा मोठा फोटो. शेकडो लोकांनी वाहवा केली. मला वाटलं, भाऊ खूश होतील. त्यांचा फोन आला.

"नितीन, मी गेमबद्दल बोललो व्हतो. तू माझ्या हाताबद्दल लिवलंस."

मी म्हणालो, "भाऊ, लोकांना प्रेरणा..."

"लोकांना प्रेरणा नगं, राव. बटणं बदलता येत्यात का, ते सांग. मी खेळाडू हाय. मला खेळाडूच ऱ्हाऊ दे."

तो लेख मी काढून टाकला. मूळ परीक्षणात चार साध्या ओळी घातल्या: कुठली बटणं एकदम दाबावी लागतात, ती बदलता येत नाहीत, एका हातानं हा गेम पुढं जात नाही. त्या ओळींखाली इतक्या लोकांनी आपापली अडचण लिहिली, की मी वाचतच राहिलो. सांगलीच्या एक आजी होत्या, बोटं थरथरणाऱ्या. त्यांना भाऊ स्वतः उत्तर द्यायचे. कुठला गेम जमेल, कुठला नाही, अगदी सविस्तर.

पुढं काही महिन्यांनी गेम बनवणाऱ्यांनी तो बदलला. बटणं हवी तशी लावता येऊ लागली. मी पेढे घेऊन आलो. भाऊ तोवर शिखरावर पोचले होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, मस्त आहे.

भाऊ म्हणाले, "चढाई लई ग्वाड हाय. शेवट मात्र रटाळ. शेवटाला तर नुसतं गप्पा मारत बसत्यात. तू त्याबद्दल काहीच लिवलं न्हाई."

मी पेढ्यांचा बॉक्स उघडायला लागलो. भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "तू शेवटापातुर खेळलाच न्हाईस ना?"

नव्हतो खेळलो. अर्ध्यावर सोडून नऊ मार्क दिले होते. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. भाऊंनी ते कुणाला सांगितलं नाही. खरं तर एका ओळीत माझं नाव घालवता आलं असतं. त्यांनी पेढ्याचा बॉक्स माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "टाइम न्हवता, तर तेवढं लिवायचं. लोक समजून घेत्यात."

एवढ्या मायेनं माझी चूक मला कुणी दाखवली नव्हती. त्या दिवसापासून किती खेळलो ते मी पहिल्या ओळीत लिहितो. आणि प्रत्येक गेम तासभर एका हातानं खेळतो.

दहा दिवसांपूर्वी कामावर असतानाच भाऊंच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनी, ऋतुजा, तुम्हाला काय सांगू? 

आज सकाळी ऋतुजानं मला त्यांच्या फोनमधलं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. नव्या गेमबद्दलचं मत होतं, तिनं टाइप करायचं राहून गेलेलं. तिची परवानगी घेऊन सांगतो. भाऊंचा नेहमीचा संथ आवाज. "पयले दोन तास कटाळा आला. मग नावाड्याची बायको आली. ती लई खरं बोलती. तिच्यासाठी पुढं खेळतोय. आजून संपला न्हाई, म्हणून मार्क देत न्हाई."

ऋतुजा ते परीक्षणाखाली आहे तसंच टाकणार आहे. एक शब्दही न बदलता.

मंडळी, आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. काही बोलायचं नाही. नदीचा आवाज येतोय, तेवढा येऊ द्या.

सोपानभाऊ, तुमच्या नितीनचा नमस्कार घ्या.