धड्याच्या कडेला

कागलच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

“कॉलेजच्या पुस्तकात लिवून ठेवलंस?”

“आई, धडा मोबाईलवर हाय. सगळा वर्ग त्याच पानाच्या कडंला लिहितो. सर वाचून मार्क देतात.”

“मग काय लिवलंस?”

“धड्यात हाय, रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत न्हाय. मी लिहिलं, आमची सोडते.”

“पुस्तकाला खोटं पाडलंस? पोरं हसली असतील.”

“हसली की. पुरावा मागितला. मी तुझं नाव लिहिलं.”

“माझं? चौथी शिकलेल्या बाईचं?”

“व्हय. आता सरांनी खाली विचारलंय, म्हशीला परत पान्हा सोडायला किती दिवस लागले?”

“बारा. आणि लिव, बारा दिवस मी दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू दिला न्हाय.”