रिकाम्या होड्यांचा पहिला नंबर

(राजारामपुरीतलं भांड्यांचं दुकान. दुकानाच्या पाटीवर बांधलेला भला मोठा फ्लेक्स. खाली शिडी. दुपार.)

तेजस्वी : मामा, तू शिडी धर, मी चढते. नाहीतर तू चढ, मी धरते. पण हे आत्ताच्या आत्ता खाली आलं पाहिजे.

बाळासो : अगं खुळे, कालच बांधलाय! अख्खी तालीम राबली. भाची विज्ञान प्रदर्शनात शहरात पहिली आली, आनि मामानं गप बसायचं व्हय?

तेजस्वी : गपच बसायचं होतं.

बाळासो : आमच्या घराण्यात गप बसलंय कोण? वाच तरी एकदा. 'समुद्राची वाघीण, कुमारी तेजस्वी!' काय? अंगावर काटा येतोय का न्हाय?

तेजस्वी : मला रंकाळ्यात सुद्धा पोहता येत नाही, मामा! आणि मागं तोफा कशाला? माझा प्रकल्प मासेमारीच्या होड्यांचा होता. जुनी लाकडी आणि नवी फायबरची, कुणाचं बूड चांगलं, एवढंच.

बाळासो : बुडाचा फोटू फ्लेक्सवर बरा दिसत न्हाय. तोफा भारी वाटत्यात.

तेजस्वी : बरं, आणि बांधायला सगळ्या कोल्हापुरात हेच दुकान घावलं?

बाळासो : मोक्याची जागा हाय. गोमटेशअण्णांना इचारलं की मी. बांधा म्हणले बाळासो, पोरींचं कौतुक हाय.

तेजस्वी : पोरींचं म्हणाले?

बाळासो : व्हय. त्यांची आदिती बी होती की तुझ्यासंगं. रोज गोठ्यात येऊन म्हशीच्या टाकीत होड्या सोडत हुता दोघी. तिचा बी फोटू टाकणार हुतो, तर तूच म्हणालीस, नको, ती आता प्रकल्पात न्हाय.

तेजस्वी : म्हणालते.

बाळासो : मग झालं की. आता तोंड का असं? पेढं वाटायचं सोडून तिरडीला आल्यागत उभारलीस.

तेजस्वी : मामा, काल म्हशी धुवून झाल्यावर मी त्याच टाकीत परत चाचणी घेतली.

बाळासो : बक्षीस मिळाल्यावर परत? परीक्षा झाल्यावर अभ्यास करतंय का कोण?

तेजस्वी : ऐक ना. आधी आपण फळीनं लाटा मारत होतो, आठवतंय? लाकडी होडी सारखी डुलायची. तिचं बूड गोल आणि खाली खोल कणा. आणि फायबरची रुंद, सपाट बुडाची. ती हलायचीच नाही. मी म्हटलं, झालं, नवीच सुरक्षित! फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, परीक्षक पण खूश.

बाळासो : मग बरोबरच हाय की.

तेजस्वी : काल दोन्हींवर ओल्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मासळी भरल्यासारख्या. आणि मोठी लाट मारली. लाकडी एवढी कलली, एवढी कलली, मला वाटलं गेलीच. तर आली परत, कशीबशी, डुलत डुलत. आणि नवी आधी ढिम्म. मग एकदम उलटी. पोट वर करून तरंगत राहिली, परत सरळ झालीच नाही.

बाळासो : हात्तिच्या! आमच्या आखाड्यात रोज दिसतंय ते. पाय फाकून उभारलेला गडी धक्क्यानं हलत न्हाय. पर एकदा पाठीवर वझं घेऊन तोल गेला की चितपट. आनि डुलतोय त्यो पैलवान सावरतोय बघ.

तेजस्वी : मग तेव्हा का नाही सांगितलंस?

बाळासो : तू इचारलंस का? तू तर रिकामीच सोडत हुतीस. मला वाटलं, शाळेत असंच करत्यात.

तेजस्वी : होड्या समुद्रात रिकाम्या जातात, पण येताना भरून येतात, मामा. एवढं साधं. आपण कोल्हापूरची माणसं, मासळी बघतो ती थेट ताटात. होडी भरत असेल हे डोक्यातच आलं नाही.

बाळासो : बरं, न्हाय आलं. आता कुणाला कळायचं? टाकीतलं पाणी टाकीत. म्हशी काय परीक्षकाला सांगाय जात न्हाईत. जिल्ह्याच्या प्रदर्शनात बी तेच दाव.

तेजस्वी : आदितीच्या डोक्यात आलं होतं.

बाळासो : मग?

तेजस्वी : तिनं वर्गात विचारलं. सगळ्यांसमोर. होड्या भरून येत असतील ना, मग आपण रिकाम्याच का तपासायच्या, म्हणून.

बाळासो : आनि तू काय म्हणालीस?

तेजस्वी : फ्लेक्स काढ ना तू.

बाळासो : अगं, काय म्हणालीस ते सांग की.

तेजस्वी : नाही सांगत.

आदिती : मी सांगते, मामा.

तेजस्वी : आदिती... तू दुकानात होतीस?

आदिती : पप्पा जेवायला गेलेत. फ्लेक्समुळं दारात अंधार झालाय, तुम्हाला मी दिसले नसेन.

बाळासो : ये बाळ, ये. काय म्हणाली ही?

आदिती : म्हणाली, 'तुमच्यात चातुर्मासात कांदा चालत नाही, आणि तू मला मासळी शिकवतीस? आधी एक सुकट तरी हुंगून ये, मग बोल.' वर्ग हसला. बाई पण हसल्या. मग ती म्हणाली, 'प्रकल्पात असली माणसं असली की होडी बुडणारच.'

बाळासो : तेजू?

तेजस्वी : तू आधी फ्लेक्स काढ, मामा.

बाळासो : असं म्हणालीस तू?

तेजस्वी : सगळे हसायला लागले, मग मला थांबताच आलं नाही.

बाळासो : पुरात आपल्या गल्लीत पाणी आलं, तवा तालमीत जेवण शिजलं ते ह्यांच्या दुकानातल्या पातेल्यात. अण्णांनी एकदा बी इचारलं न्हाय, आत काय शिजवताय म्हणून. आनि त्यांच्याच दारावर मी... धर. शिडी धर. नीट धर! दोन्ही हातांनी.

आदिती : राहू दे मामा, पप्पांना आवडलाय.

बाळासो : पप्पांना ठावं न्हाय ना हे?

आदिती : घरी नाही सांगितलं मी.

तेजस्वी : का गं?

आदिती : काय सांगणार? मैत्रिणीनं माझ्या जातीवरून वर्गाला हसवलं म्हणून? पप्पा मला रोज विचारतात, तेजस्वी का येत नाही आता. मी सांगते, तिचा क्लास असतो.

तेजस्वी : आदिती, तुझं बरोबर होतं. सगळंच. नवी होडी वाईट, जुनीच चांगली. मी जिल्ह्याला जाऊन तसं सांगणार आहे, फळा बदलणार आहे, नंबर गेला तर गेला...

आदिती : पिशव्या कुठं ठेवल्या होत्यास?

तेजस्वी : अं? वरच. मधोमध.

आदिती : तळाला ठेवून बघितलंस?

तेजस्वी : नाही.

आदिती : मग नवी वाईट हे कुणी सांगितलं? वजन वर असलं की हंडा पण कलंडतो. तळाला ठेवलं तर तीच नवी सावरेल कदाचित. मला माहीत नाही. मला तेव्हाही उत्तर माहीत नव्हतं, तेजू. मी फक्त विचारलं होतं.

तेजस्वी : मी परत तेच केलं ना?

आदिती : हो.

बाळासो : हिला जन्मापासनं घाई हाय. सातव्या म्हयन्यात आली.

तेजस्वी : मामा, तू वर बघून गाठी सोड! आदिती, परत ये ना प्रकल्पात. आज गोठ्यावर जाऊ. वर ठेवून, खाली ठेवून, सगळं करू. जिल्ह्याला तू बोल, मी नुसती पाणी हलवते.

आदिती : एकटीला जमेना म्हणून बोलवतीस?

तेजस्वी : काल रात्री तेच वाटलं होतं, खरं सांगते. ती होडी उलटल्यावर पहिल्यांदा तुझी आठवण आली ती ह्याच्यासाठीच, की आता हिच्याशिवाय कसं होणार. मग त्याचीच लाज वाटली. जेवलेच नाही. आईनं बोंबील तळले होते.

आदिती : मग जेवायचं की.

तेजस्वी : घास तोंडाजवळ नेला की वर्ग हसलेला ऐकू यायला लागला.

आदिती : मला रोज येतो ऐकू.

तेजस्वी : सॉरी गं. मनापासून सॉरी.

आदिती : इथं कोण आहे ऐकायला?

बाळासो : मी हाय की.

तेजस्वी : मामा!

बाळासो : बरं बरं. मी न्हाय. मी वर हाय.

आदिती : गोठ्यावर येते मी. होड्यांचं मला पण बघायचंय. पण सॉरी इथं दुकानाच्या पायरीवर नको. वर्गात बोललीस, ते वर्गातच फेड.

तेजस्वी : सगळ्यांसमोर?

आदिती : हसले तेव्हा सगळेच होते.

तेजस्वी : बाईंसमोर पण? माझा आवाजच निघायचा नाही गं.

आदिती : काढ. मी आता शेवटच्या बाकावर बसते. तिथपर्यंत आला पाहिजे.