आत काहीतरी जाऊ दे

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि दाराशी उभं राहून चहाकडे डोळे लावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

काकू, सर घरी सांगत नसतील म्हणून मीच सांगते. आम्ही संगणकावर बोरॉनचे अणू रचतो. आठ-आठ अणूंच्या दोन कड्या एकावर एक ठेवल्या की इवलीशी नळी होते. पण माझी नळी काही केल्या टिकेना. गणित सुरू केलं की बया आपली पसरट! शेवटी संशोधनच सोडायचं ठरवून मी सरांच्या दारात गेले. म्हटलं, "सर, उभीच राहत नाही हो!"

सर डबा उघडत होते. म्हणाले, "अगं, आत काही नसेल तर उभं कसं राहणार? आधी आत काहीतरी जाऊ दे, मग बघू."

मी तशीच पळाले. नळीच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसवला. त्याने वरची कडी धरली, खालचीही धरली, आणि नळी उभी राहिली ती राहिलीच! काय सांगू, खोलीत एकटीच ओरडले.

तेव्हापासून मी सगळीकडे सांगत आले की कल्पना सरांची, मी नुसती हमाल. सरांना वाटायचं, पोरगी आदरापोटी बोलते. सरांनंतर प्रयोगशाळा मी चालवावी असं ठरलं, तेव्हाही मी साफ नाही म्हटलं. गेल्या आठवड्यात सरांनी खडसावून कारण विचारलं, तेव्हा मी दारातला तो प्रसंग सांगितला.

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं बाई, मी तुझ्या पोटाचं बोलत होतो! तोंड सुकलेलं, तोल जात होता तुझा. मी डबा पुढे करतोय, तर तू पसार! कोबाल्ट मला सुचलाच नव्हता. तो तुझाच."

आता बोला!

काल मी होकार कळवला. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण सर, तेवढ्याने तुमची सुटका नाही. त्या दिवसांत जो तो मला नळीचं विचारत होता. मी जेवले नाही, हे फक्त तुम्हाला दिसलं. तसं बघणं मला अजून जमत नाही. तेवढं शिकवायला येत जा.

आपण सगळ्यांनी आपुलकीने ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं निघून गेलं असेल, तर पोटात घाला.