लांबडी लिंक काय चावत होती का?

...आणि वर लोक म्हणतात, लग्न छान झालं! छान? अहो, लग्नाची वेळ टळायला आली तरी हॉलवर कोण, तर बौद्धाचार्य, आचारी आणि आम्ही चार टाळकी. तुम्हाला सांगतो, आमच्या भीमराजभाऊंचे डोळे अजून पांढरे आहेत.

भीमराजभाऊ म्हणजे माझे शेजारी, भोसरीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. लेक रश्मीचं लग्न काढलं. हॉल काळेवाडीत, गल्लीच्या आत गल्ली, तिच्या आत हॉल, मालकालाही विचारत विचारत जावं लागतं. म्हणून पत्रिकेत नकाशाची लिंक टाकायची ठरली. आता ती लिंक ही एवढी लांब! थोरला मुलगा संघर्ष हिंजवडीजवळ माण गावात आयटीत, तो म्हणाला, "पप्पा, छोटी करू. आणि दुसऱ्याच्या साइटवर कशाला? आपल्या नावाची, आपल्याच कॉम्प्युटरवर." भाऊंची छाती फुगली. मला सांगा, लांबडी लिंक काय चावत होती का?

पण नाही. वर्कशॉपमध्ये बिलं काढायचा जो डेस्कटॉप, त्यावर रविवारचे रविवार खाटखूट करून संघर्षनं ते बसवलं एकदाचं. म्हणजे कसं, पाहुणा छोट्या लिंकवर गेला की ती आधी भोसरीतल्या ह्या डबड्याला विचारणार, 'बाबा रे, कुठं जायचं?' मग डबडं नकाशा उघडून देणार. चालत होतं हो, झकास चालत होतं! भाऊ दिसेल त्याला पत्रिका देऊन, "राव, मोबाइलात लिंक टाकून तर बघ." हॉलचा पत्तासुद्धा छापला नाही. म्हणे, लिंक असल्यावर पत्ता कशाला?

लग्न गुरुवारी. का, तर भोसरीत गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, सगळे मोकळे. आणि सुट्टी का, तर त्या दिवशी लायनीची कामं, लाईटचा भरवसा नाही. हे भोसरीतलं शेंबडं पोर जाणतं, पण संघर्षचा गुरुवार कामाचा, त्याच्या ध्यानातच नाही. आणि भाऊंनी काय करावं? बुधवारी संध्याकाळी, जन्माच्या सवयीनं, मेन स्विच खाली ओढला, शटर लावलं, आले घरी.

झालं! सकाळपासून फोनवर फोन. "भाऊ, लिंक उघडंना." "ओ, यायचं कुठं आमी?" खुद्द नवरदेव कुठल्याशा पेट्रोल पंपावर उभा. त्याला मी गाडीवर जाऊन आणलं, पण बाकीच्यांचं काय? अर्ध्या एमआयडीसीत हातोहात वाटलेल्या पत्रिका, कुणाकुणाला फोन करणार? लांबडी लिंक काय चावत होती का?

वर्कशॉपची किल्ली भाऊंकडं. नव्या कोटात, स्कूटरवर, तसेच सुटले भोसरीला. मेन वर केला, कॉम्प्युटर चालू झाला, आणि इकडं पाहुण्यांचा लोंढा! मी म्हटलं सुटलो... तर लाईट गेली. आली. परत गेली. दर वेळी डबड्याचं बटण हातानं दाबायचं. संघर्ष फोनवर, "पप्पा, हलू नका, अजून मामाकडचे यायचेत."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. हॉल गच्च. रश्मी हार हातात घेऊन दाराकडंच बघतेय, माझ्याच्यानं बघवेना हो. बौद्धाचार्यांनी माइकवरून पुकारलं, "वधूपित्यांनी मंचावर यावं." परत पुकारलं. शेवटी हारही पडले गळ्यात. तेव्हा भाऊंची आत्या, चतुराबाई, माझी बाही ओढून म्हणते, "का रं, पोरीच्या बापाला हॉल घावला न्हाई व्हय?"

म्हटलं, "घावला होता, आत्या. तुमाला घावावा म्हणून तिकडं बटण दाबत बसलाय."