आरशातला पिवळा दिवा

नाही रे, आमचे हे नाही चालवणार, मी चालवणार — म्हणून तर मला इकडे स्टिअरिंगवर बसवलंय आणि स्वतः बाहेर फिरतायत. फिरू दे. तू बस आरामात, सुयश. अर्ध्या तासाची निश्चिंती आहे. ते बघ, बॉनेट उघडलं. आता डिपस्टिक काढतील, पुसतील, परत घालतील, परत काढतील. छत्तीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडली त्यांनी, हात शिवशिवतात अजून. तुझ्या गाडीत खोट असणार नाही हे मला दारातच कळलं होतं — सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फाइलला लावून ठेवणारा मुलगा, त्यातून पुण्याचा. पण विकत घ्यायची तर त्यांचं समाधान व्हायला हवं ना. तू भारतात परत जायच्या गडबडीत आणि आम्ही तुला ही डोकेदुखी देतोय. विमान कधीचं म्हणालास? बावीसचं. अरे, मग वेळ आहे.

सीट उंच आहे हे छान. आमची जुनी गाडी म्हणजे जमिनीला टेकलेली, उतरताना दाराला लोंबकळायला लागायचं. माझे गुडघे म्हणजे — असो. मार्चमध्ये विकली ती. एकोणीस वर्षं वापरली. शेवटी शेवटी नुसतीच दारात उभी असायची आणि हे रोज सकाळी जाऊन काच पुसून यायचे. कुठे न्यायची नाही, काही नाही, काच मात्र लख्ख. का म्हणजे — वय झालं, अठ्ठ्याहत्तरावं लागलं. नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा भरभर चालतात — हे काय लागलं? हा पिवळा दिवा, आरशात. सायकलवाला गेला म्हणून? उभ्या गाडीतसुद्धा? हां, म्हणजे दार उघडून कोणाच्या अंगावर घालू नये म्हणून. आणि चालत्या गाडीत? बाजूने कोणी आलं की लागतो. आपल्याला नसलं दिसत तरी. अस्सं.

काही नाही रे. टिश्यू आहे माझ्याकडे. तुझी गाडी फार शहाणी आहे, एवढंच.

त्यांना काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तू काढू नकोस हं त्यांच्याकडे हा विषय. समोरचं उत्तम दिसतं, त्या लाल व्हॅनची नंबरप्लेट तुझ्याआधी वाचून दाखवतील. पण बाजूचं गेलंय. आणि गेलंय हेच त्यांना पटत नाही, कारण काळं-बिळं काही दिसत नाही म्हणे, नुसतं नसतंच तिथे काही. डॉक्टरांनी बजावलं होतं, लायसन्सवाल्यांना, त्या डीव्हीएलएला कळवा. कायदाच आहे इथला, आपणहून कळवायचं. हे म्हणाले, कळवतो. दिवाळी आली तरी कळवतोच आहेत. मी आठवण केली की ताटावरून उठायचे. मग मीही आठवण करायचं सोडलं — म्हणजे त्यात माझीही चूक आहे, नाही असं नाही.

आणि मग ते बॉस्टन रोडचं झालं. भर दुपारी, छान ऊन होतं. झेब्रा क्रॉसिंगवर डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत उतरली. मी किंचाळले. हातभर अंतरावर थांबली गाडी — हातभर म्हणजे एवढी, बघ. ती बाई शिवी देईल, बॉनेटवर हात आपटेल असं वाटलं मला, पण ती नुसती उभी राहून आमच्याकडे बघत होती. आणि हे काय म्हणाले माहितेय? बघितलं होतं मी, तू उगाच ओरडतेस. नव्हतं रे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेय मी, मला कळत नाही होय?

तर मी लिहिलं. हो, मीच — लायब्ररीत जाऊन, तिथल्या कॉम्प्युटरवर. नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर, आजार, सगळं. नवऱ्याची चहाडी करायला बसले आणि स्पेलिंग तपासत होते. ते लोक कळवणाऱ्याचं नाव सांगत नाहीत कोणाला. प्रिंट काढली, पाकीट पोस्टात टाकलं आणि घरी येऊन त्यांना थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा. अशी बाई आहे मी.

मग पत्र आलं, तपासणी झाली, लायसन्स गेलं. तू म्हणशील, काकू, बरोबर केलंत. ते मलाही ठाऊक आहे, त्याला मी नाही रडत — बघ, ते टायरपाशी बसलेत, खाचांत वीस पेन्सचं नाणं घालून टायर किती झिजलंय ते मोजतायत. चारही टायरचं करणार, पाचवा सापडला तर त्याचंही. आपलं चालू दे — त्याला नाही रडत मी. मी रडतेय ते उल्हासभाऊजींसाठी.

उल्हासभाऊजी म्हणजे यांचे मित्र, दोन गल्ल्या सोडून राहतात. एकाच वर्षी आले दोघे लंडनला, एका खोलीत राहिले, एक ओव्हरकोट दोघांत वापरला म्हणतात, खरंखोटं देव जाणे. डोळ्यात थेंब घातले की गाडी चालवता येत नाही, म्हणून हॉस्पिटलला यांना तेच न्यायचे. म्हणजे काचबिंदूचं तिघांनाच ठाऊक — हे, मी आणि भाऊजी. आता बायकोवर कोण संशय घेतो? जानेवारीत घरी बोलावलं त्यांना आणि यांनी तोंडावर विचारलं. मी तिथेच चहा गाळत होते. भाऊजींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी गाळतच राहिले, कप भरला, बशी भरली, तरी गाळतेच आहे. कळलं रे त्यांना, त्या बशीवरूनच कळलं असणार. म्हणाले, “हो पुरुषोत्तम, मीच कळवलं.”

यांनी उठून दार उघडून धरलं. भाऊजींना कमरेमुळे वाकता येत नाही, बूट घालायला वेळ लागतो. दोन मिनिटं होती माझ्याकडे, सुयश. त्यांच्या नाड्या बांधून होईपर्यंत एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोलले. जून आला, अजून नाही बोलले.

परवा भेटले मला, केमिस्टच्या बाहेर. घर विकलं म्हणे त्यांनी. येत्या शनिवारी एडिनबराला जातायत लेकीकडे, अक्षयाकडे, कायमचे. मी म्हटलं, भाऊजी, आज सांगतेच यांना. तर हसले. “नको वहिनी. माझ्यावर रुसला तर रुसू दे, तुमच्यावर रुसला तर जेवेल कुठे?” आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. घरी येताना मनात हिशेब काय, तर शनिवार झाला की प्रश्न मिटला. माणूस ज्याला भाऊ म्हणतो तो जन्माचा जातोय आणि मी दिवस मोजतेय. त्यात हे रोज सकाळी चहाच्या वेळी एकदा तरी म्हणतात, उल्हासने असं करायला नको होतं. रोज. आणि मी म्हणते, जाऊ दे हो. जाऊ दे म्हणते मी, तोंड वर करून —

काय झालं? मागे काय बघतोयस?

डिकी? उघडी आहे? कधी उघडली? मला आवाजसुद्धा — आमच्या जुन्या गाडीत डिकी म्हणजे बंद पेटी होती रे, मागे कोणी उभं असलं तरी इथलं अक्षर ऐकू जायचं नाही. ही तर आतून मोकळीच आहे सगळी.

अहो.

अहो, कधीपासून उभे आहात तिथे?

स्पेअर व्हील बघत होतात. बरं. — नाही, तसं नाही, मी सांगणारच होते. नाही. नव्हते सांगणार. शनिवारपर्यंत तरी नव्हते सांगणार. तुम्ही बसा ना आधी, उभे नका राहू असे. मागच्या सीटवर बसा. डोकं सांभाळा.

कोणाचा नंबर? आहे माझ्याकडे. तुम्ही काढून टाकलात फोनमधून, मी नाही काढला. घ्या — मी? मीच बोलायचं? हो. बरोबर आहे. मीच बोलायचं.

सुयश, तू जरा उतर बाळा. गाडीचं मग बघू. नाही, काही नको, पाणी नको, तू उतर फक्त. आणि दार लावून घे.

रिंग होतेय.

हॅलो, भाऊजी —